पाय लावायला बोलावलं तेव्हा

उल्हासनगर, ५ जानेवारी

बाबा,

दिवाळीचं पत्र पोचलं असेल. परत आलं नाही म्हणजे पोचलंच. तुम्ही नोकरीभर अंबरनाथच्या गल्ल्यांतून सायकलवर टपाल वाटलंत. पत्ता बरोबर असलेलं पत्र तुम्ही दारातून परतवणार नाही, आणि तुमचा पत्ता मी चुकणार नाही. एवढ्या आधारावर माझं लिहिणं चालू आहे. उत्तराची अट मी कधी घातली नाही, आजही घालत नाही.

एरवी मी वर्षातून एकदाच लिहिते. आज मधेच लिहितेय त्याला कारण अंजनीवहिनी. तिच्यावर रागावू नका, फोन मीच केला होता. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, की नाताळाच्या सुमाराला तुम्ही ओट्यावरची तांदळाची गोण उचलायला गेलात आणि तेव्हापासून पाठीत उसण भरली आहे.

"ताई, खाली बसले की उठवत नाही आणि उठले की बसवत नाही," ती म्हणाली. "ह्यांनी डॉक्टरकडे चला म्हटलं, तर 'तूच जाऊन ये, तुझाच चेहरा आजारी दिसतोय' म्हणाले."

मला हसू आलं. मग हा कागद घेतला.

मी अंबरनाथ पूर्वेला एका दवाखान्यात काम करते. कुणी सांगितलं असेल, नसेल. कायरोप्रॅक्टिक म्हणतात त्याला. हातांनी मणके आणि सांधे मोकळे करायचे. गोळी नाही, सुई नाही. विनिता मॅडम परदेशातून शिकून आल्यात. मी फोन घेते, पेशंटला आत नेते, आणि मॅडमनी सांगितलेले व्यायाम करून दाखवते.

आमच्याकडे जीन्स शिवणारे कारागीर येतात, मशीनवर वाकून वाकून मान पुढे गेलेली. मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी कॉलेजची मुलं येतात. गल्ल्यावर बसणारे शेठ येतात, मागच्या खिशात उशीएवढं पाकीट ठेवून दिवसभर त्याच्यावरच बसलेले, आणि तक्रार अशी की एकाच बाजूला कळ येते. मॅडम आधी पाकीट काढायला लावतात. एक काका म्हणाले, "पैसा चुभता है, ये आज पता चला."

मान किंवा पाठ विशिष्ट तऱ्हेने दाबली की कट् असा आवाज येतो. लोकांना वाटतं, सरकलेलं हाड जागेवर बसलं. मॅडम म्हणतात, हाड कुठे गेलेलंच नसतं. आपण बोटं मोडतो तसा तो सांध्यातल्या हवेचा आवाज. आवाजाने कुणी बरं होत नाही. आखडलेला सांधा हलायला लागतो, आजूबाजूचं मांस सैल पडतं, आणि पुढचं काम पेशंटचं असतं, रोज घरी व्यायाम करायचं. ते मात्र कुणी करत नाही. सगळ्यांना कट् पाहिजे असतं.

आणि सगळ्यांनाच त्या हात लावतात असंही नाही. आधी खूप विचारतात. छोट्या हातोडीने गुडघ्याखाली टकटक करून पाय उडतो का बघतात. टाचेवर चालायला लावतात. काही जणांना हात न लावता सरळ मोठ्या हॉस्पिटलात पाठवतात. ती माणसं चिडतात. मॅडम म्हणतात, कुणाला हात लावायचा नाही हे कळण्यातच आमचं अर्धं शिक्षण जातं.

एकदा येऊन जा, बाबा. ज्या दिवशी याल त्या दिवशी मी सुट्टी घेईन, समोर येणार नाही. पत्ता खाली लिहिलाय. गल्ली कुठली ते तुम्हाला सांगायला नको.

भाविका


उल्हासनगर, १५ जानेवारी

बाबा,

काल प्रीतमदादा दुकानात आला होता. म्हणजे माझ्या मिस्टरांच्या, टेकचंदच्या दुकानात. त्यांचं नाव तुमच्या घरात घेतलं जात नाही हे मला माहीत आहे, पण मला लिहावं लागणारच. चेनी, बटणं आणि अस्तरं विकतात ते. दादाला त्यांनी गिऱ्हाईक समजून स्टूल दिलं आणि विचारलं, "कितने इंच की चेन?"

"चेन नको. भाविकाला बोलवा. मी भाऊ आहे तिचा."

टेकचंद म्हणे दोन मिनिटं हातातली टेप गुंडाळतच राहिले. इतक्या वर्षांत आमच्या दुकानात माहेरचं माणूस पहिल्यांदाच आलं.

दादा बसला नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "बाबांनी सांगितलंय. रविवारी सकाळी ये आणि पाय लावून जा."

"बाबांनीच? काय म्हणाले ते शब्द सांग."

"'पायाळूला बोलवा' म्हणाले."

"माझं नाव घेतलं?"

"नाव कशाला पाहिजे? शिरगावात आता दुसरं पायाळू आहे कोण? सगळीकडे टॉवर झाले. पोटात पोर उलटं आहे कळलं की डॉक्टर सरळ ऑपरेशन करून काढतात. पाय आधी घालून बाहेर यायची आता पोरांना संधीच नाही."

तो जोक करत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. मी चहा मागवला. तो न पिता गेला.

जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, म्हणून मी पायाळू. आणि पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण उतरते. मला कळायला लागलं तेव्हापासून सकाळी तोंड न धुता माणसं आपल्या ओट्यावर येऊन पालथी पडायची. मी परकर वर धरून त्यांच्या पाठीवरून उजवा पाय फिरवायचे. झालं की लगेच त्याच माणसाच्या पायांवर डोकं ठेवायचे, कारण मोठ्या माणसाला पाय लागला होता. हे तुम्ही शिकवलंत. "आधी पाय, मग डोकं. विसरायचं नाही." शाळेला उशीर व्हायचा. मुली चिडवायच्या. पण सगळ्यांत जास्त वेळा तुमची पाठ असायची, आणि ती मला आवडायची. टपालाच्या पिशवीने तुमचा डावा खांदा खाली आलेला होता. पाय तिथपर्यंत गेला की घसरायचा, मी तुमच्या अंगावर पडायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "पार्सल पडलं."

काल मी मॅडमना हे सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, साधी उसण बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत आपली आपणच उतरते. तोवर कुणी मायेने हात लावला तर घट्ट धरलेलं अंग माणूस सैल सोडतो. हाताऐवजी पाय असेल तर पाय. "फक्त उसणच आहे ना, एवढं आधी बघ," म्हणाल्या.

टेकचंदनी विचारलं, "मैं भी चलूँ?"

मी म्हटलं, बोलावणं एकटीचं आहे.

"तेरा भी कहाँ है? तेरे पैर का है. बाकी तू तो साथ में जाएगीच."

आई गेली तेव्हा मी ओट्याच्या पायरीपर्यंत आले होते. पायरीच्या पुढे मला कुणी येऊ दिलं नाही, आणि मीही ढकलून आले नाही. रविवारी मी आत येईन. पायासाठी बोलावलंत तरी चालेल, बाबा. मी येते.

भाविका


शिरगाव, बदलापूर, रविवार १८ जानेवारी, दुपार

बाबा,

हे पत्र टपालाने येणार नाही. तुमच्या घरापासून दोन वळणांवर, जिथे आपल्या शेतात वाल व्हायचा तिथे आता टॉवर आहे आणि टॉवरला बाग आहे. तिथल्या बाकावर बसून लिहितेय. वहिनी भाजीच्या निमित्ताने येऊन घेऊन जाईल. तुम्ही आत्ताच्या आत्ता वाचा. माझ्यावरचा राग वाचून झाल्यावर करा.

तुम्ही चटईवर पालथे होतात. त्यामुळे सकाळी काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. पहिल्यांदा शेजारच्या विठाकाकूचा आवाज. "अगो, उचल ना पाय! का भटजीला इचारून मुहूर्त काढतेस?" मग मी म्हणाले, "मी नाही लावणार." मग सगळे एकदमच बोलायला लागले. काकू म्हणाली, "सिंध्याचे घरान गेली, पायातला गुन पन तिथंच इकला वाटतं!" दादा म्हणाला, "तमाशा करायला आलीस काय?" आणि तुम्ही चटईत तोंड घालूनच म्हणालात, "जमत नसेल तर जाऊ द्या तिला."

हे झालं ऐकू आलेलं. आता दिसलेलं सांगते.

तुमच्या डाव्या टाचेवर भाजल्याचा फोड आहे. फुटलेला, आतून लाल. गरम पाण्याच्या पिशवीने झालेला. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, बाबा काहीच बोलले नाहीत, मला अंथरुणावर पाणी दिसलं तेव्हा कळलं. त्या फोडावर माशी बसली होती, बाबा. ती बसून राहिली आणि तुमचा पाय हलला नाही.

मी माझ्या पायाच्या अंगठ्याने तुमची टाच दाबली. फोडाच्या बाजूला, चांगली जोर देऊन. तेव्हा तुम्ही म्हणालात, "लाव ना मग, किती वेळ?"

मी पाय लावलेला होता, बाबा. तुम्हाला तो कळलाच नाही.

खोटं कशाला लिहू, एक क्षण मला वाटलं की नुसता टेकवावा. भार न देता, पिसासारखा. कुणाला काय कळणार होतं? मी आत आले होते. आईच्या फोटोला घातलेला हार मला पहिल्यांदा दिसला. वहिनीने चहाला आधण ठेवल्याचा आवाज येत होता, आणि त्यात माझाही कप असणार होता. पाय टेकवून तुमच्या पावलांवर डोकं ठेवलं असतं, तर कदाचित तुम्ही 'पुढच्या रविवारी ये' म्हणाला असतात. माझ्या नुसत्या पायाने तुमचं काही बिघडलंही नसतं. पण तुम्हाला वाटलं असतं की आता उतार पडणार, आणि त्या भरवशावर तुम्ही आणखी चार दिवस पडून राहिला असतात. माझ्या पायावर तुमचा विश्वास आहे. मला भीती वाटली ती त्याचीच.

बाहेर पडताना मी वहिनीला मोरीपाशी गाठलं. ती रडवेली झाली. म्हणाली, बाबा मोरीत जाऊन खूप वेळ उभे राहतात. गेले दोन दिवस स्वतःचे कपडे स्वतःच धुऊन टाकतात, मला हात लावू देत नाहीत. दादाला मी म्हटलं, तू विचार. तो म्हणाला, "बापाला हे विचारू? वेडी आहेस?"

म्हणून मी विचारते. मुलीने बापाला विचारू नयेत असे प्रश्न आहेत. समोर असते तर माझीही जीभ रेटली नसती.

पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा एकाच पायाला आहे, की आता दोन्ही पायांना?

सायकलवर बसल्यावर सीट जिथे टेकते, मांड्यांच्या आतून आणि मागे, तिथे हात लावला तर कळतं का? की बधिर आहे?

लघवीला जोर करूनही होत नाही असं होतं का? किंवा नकळत होऊन जाते का?

यातल्या एकाचं जरी उत्तर 'हो' असलं तरी ही उसण नाही. मणक्याची गादी सरकून आतल्या नसा दाबल्या गेल्या असतील. त्याला पाय नाही, मालिश नाही, मॅडमचे हातसुद्धा नाहीत. मी त्यांना आत्ताच फोन केला. त्या म्हणाल्या, अशा माणसाला मी बोट लावणार नाही, त्याला आजच्या आज हॉस्पिटल पाहिजे. ऑपरेशन लागतं आणि ते वेळेवर लागतं. उशीर झाला तर पायांची ताकद आणि लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुम्ही अर्धवट सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, म्हणून पूर्ण लिहितेय.

मला सांगू नका हवं तर. वहिनीला सांगा. दादाला सांगा. किंवा दवाखान्याच्या नंबरावर फोन करा. आज रविवार, दवाखाना बंद आहे, पण तो फोन मी माझ्या मोबाइलवर वळवून ठेवलाय. नंबर खाली मोठ्या आकड्यांत लिहिलाय, चष्मा शोधत बसू नका.

मी इथेच बसलेय.

भाविका


ठाणे, सोमवार १९ जानेवारी, सकाळ

बाबा,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. कागद औषधांच्या पिशवीतला आहे, माफ करा.

काल दुपारी दवाखान्याच्या नंबरावर एका पेशंटचा फोन आला. पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं, असा आमचा नियम आहे, म्हणून इथेही लिहीत नाही. वयस्कर गृहस्थ. मी नेहमीसारखं "नमस्कार, बोला" म्हटलं. पलीकडून आवाज आला.

"मॅडम, तुमच्याकडून काही प्रश्न आले होते. त्यांची उत्तरं द्यायची होती."

"द्या काका. मी ऐकतेय."

"पहिल्याचं, दोन्ही."

"म्हणजे दोन्ही पाय?"

"हां. उजवा कालपासून."

"दुसऱ्याचं?"

"कळत नाही. म्हणजे, हात लावलेला कळत नाही. गादीवर बसलोय का लाकडावर, सारखंच."

"आणि तिसऱ्याचं?"

मागे कुणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता. मी म्हटलं, "काका, मी दिवसभर हेच ऐकते. माझे मिस्टर बटणं विकतात, मी दुखणी लिहून घेते. लाजायचं काही नाही यात."

"तुमचे मिस्टर बटणं विकतात होय?"

"हो."

"बरं. तर, बसलं की होत नाही. आणि नको तेव्हा होऊन जाते. आज सकाळी मी चटईवर पडलेलो, लोक जमलेले, तेव्हा पण झाली. म्हणून मी उठलो नाही. लोकांना वाटलं रागाने पडून राहिलोय."

बाबा, पेशंटला हे सांगता यावं म्हणून आम्ही काही बोलायचं नसतं. तोंडावर ओढणी धरली.

मग म्हणाले, "मॅडम, ऐकताय ना?"

"ऐकतेय. काका, आता तुम्हाला लगेच निघायचंय. काही खाऊ नका. चहासुद्धा नको."

"मुलगा दुपारच्या पाळीला गेला. रात्री येईल तेव्हा..."

"रात्री नाही. आत्ता. माझे मिस्टर गाडी घेऊन येतात. मालाची व्हॅन आहे, मागे गादी टाकू, तुम्हाला आडवं नेता येईल."

मी वाट बघितली. मनात म्हटलं, आता फोन ठेवतील.

"व्हॅनमध्ये बटणं आहेत का?"

"आहेत. एका कोपऱ्यात सारतील."

"येऊ द्या," ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "मॅडम, ते पाय लावायचं नाहीच का मग?"

"नाही काका."

"बरं."

त्या पेशंटला ऑपरेशनला आत नेऊन आता तास होत आला. रात्री फोटो काढले तेव्हा सर्जन म्हणाले की गादी चांगलीच बाहेर आली आहे. लवकर आणलं म्हणता येणार नाही, पण फार उशीरही झालेला नाही. विनिता मॅडमनी फोनवर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं, त्यामुळे दारात खोळंबावं लागलं नाही. दादा रात्री पाळी संपवून थेट इथे आला. माझ्या शेजारी बसलाय. मघाशी त्याने दोन चहा आणले.

आत नेताना तुम्ही छताकडे बघत होतात. मी स्ट्रेचरच्या बाजूने चालत होते. तुम्ही मला हाक मारली नाहीत, पण चादर सारखी करायला मी हात घातला तेव्हा तो बाजूला सारला नाहीत.

दार उघडलं की मी उठते. म्हणून पत्र इथेच थांबवते.

भाविका


उल्हासनगर, २ फेब्रुवारी

बाबा,

उद्या तुम्हाला घरी सोडणार. मी रोज भेटायच्या वेळेला येते, मग पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी समोर आले की तुम्ही पंख्याकडे बघता आणि मी सलाइनकडे. दोघं मिळून तब्येतीचं बोलतो. म्हणून हे डब्यातून पाठवतेय, पोळ्यांच्या खाली. तेल लागलं असेल तर सांभाळून घ्या.

डॉक्टरांनी जे मला सांगितलं ते तुम्हालाही सांगितलंच असणार, पण पुन्हा लिहिते. दोन्ही पायांत ताकद येतेय. डाव्या टाचेची बधिरता कदाचित पूर्ण जाणार नाही. गरम पिशवी घरात पुन्हा दिसता कामा नये, मी वहिनीला ती फेकून द्यायला सांगितलंय. सायकल नाही. वाकून काही उचलायचं नाही. व्यायाम विनिता मॅडम येऊन दाखवतील, हात न लावता. ते रोज करायचे. तुम्ही करणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी येऊन करून घेईन. येऊ का, असं विचारत नाही.

शिरगावात काय चाललंय ते ऐका. विठाकाकू सगळ्यांना सांगत सुटलीय, "पायालूला पायातनच समाजला! बघ, त्याकरता तिनं पाय नाय लावला. असलं पायालू आता नाय होनार." परवा वहिनीकडे तीन माणसं येऊन गेली, ती भाविका पुन्हा कधी येणार म्हणून. मी काय करावं? त्यांना सांगितलं, की मी फक्त टाच दाबून बघितली, तर म्हणतात, तेच ना, पायानेच दाबलीस ना. वहिनीला म्हटलं, यायचं तर येऊ देत. मी आधी विचारीन, मग बघेन, आणि गरज असेल त्याला अंबरनाथचा पत्ता देईन. पाठीवर पाय मी आता कुणाच्या ठेवणार नाही. त्यांना नाही आवडलं तर नाही.

आता जे समोर बोलता आलं नाही ते.

पुरुषांच्या वॉर्डात रात्रंदिवस बाई माणसाला थांबू देत नाहीत. दादाला सुट्टी मिळाली नाही. तेव्हा टेकचंद म्हणाले, "मैं बैठता हूँ." मी नको म्हटलं. तुम्हाला नाही आवडणार, असं बोलले नाही, पण त्यांना ते कळलं. म्हणाले, "पसंद का सवाल बाद में. पहले थैली कौन खाली करेगा?" दोन आठवडे तुमच्या लघवीची पिशवी त्यांनी रिकामी केली, कुशीवर वळवलं, पाठ पुसली. घरी आले की मला सगळं सांगायचे. आज बाबांनी इडली खाल्ली. आज बाजूच्या खाटेवरच्या पेशंटला त्याचा पिनकोड चुकलाय म्हणून झापलं. आणि मी रोज विचारायचे, तुमच्याशी काय बोलले? रोज एकच उत्तर. "मुझे शेठ बोलते हैं. शेठ, पानी. शेठ, खिडकी."

म्हणजे तुम्ही त्यांना गिऱ्हाईक दुकानदाराला हाक मारतं तशी हाक मारत होतात. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांना खरंच सगळे शेठच म्हणतात. मला वाटलं.

शुक्रवारी नळी काढली, आणि दुपारी तुम्हाला आपली आपण लघवी झाली. टेकचंदनी वॉर्डातून मला फोन केला आणि असे ओरडले की मी दवाखान्यात पेशंटसमोर उडाले. "बाबा ने खुद किया! खुद!" मागून वॉर्डातली माणसं टाळ्या वाजवत होती, आणि तुमचा आवाज आला, "ओ शेठ, पेपरात द्या आता!"

मी फोन ठेवला आणि मॅडमच्या खोलीत जाऊन रडले.

पण लिहायचंय ते कालचं. काल संध्याकाळी टेकचंद घरी आले ते चपला काढतानाच हसत होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "आज बाबा मुझपे बहुत चिल्लाये."

मी म्हटलं, "का? काय केलंत?"

त्यांनी सांगितलं ते असं. तुम्ही विचारलंत, दुकान कोण बघतं? ते म्हणाले, बंद आहे. किती दिवस? त्या रविवारपासून. तेव्हा तुम्ही उठून बसलात, आधार न घेता, आणि वॉर्डभर ऐकू जाईल इतक्या जोराने त्यांना बोललात. धंदा असा बंद ठेवतात का, गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दारात गेलं की परत येतं का, घरात बायको आहे, अक्कल कुठे आहे. उद्या सकाळी दुकान उघडलं नाहीस तर मी इथून चालत येऊन उघडीन. नर्स धावत आली. शेजारच्या खाटेवरचे पिनकोडवाले आजोबा तिला म्हणाले, "राहू द्या सिस्टर, घरातलं आहे."

'उघडलं नाहीस' म्हणालात, बाबा. अहो-जाहो गेलं. हे सांगताना टेकचंदचा चेहरा असा झाला होता की मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

मी विचारलं, "आजही शेठच म्हणाले?"

"नहीं. शेठ नहीं बोले."

"मग काय म्हणाले?"

ते हात धुवायला गेले. मी मागोमाग मोरीपर्यंत गेले आणि पुन्हा विचारलं. टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, "तुझे क्या करना है? वो मेरे और बाबा के बीच की बात है."

आज सकाळी त्यांनी दुकान उघडलं. म्हणून हा डबा दादा घेऊन येतोय.

भाविका